दोन क्लिकांचा रिवाज

विंडोजच्या हिशेबी डबल क्लिकची व्याख्या अगदी नेमकी आहे. पहिल्या क्लिकनंतर ५०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरं क्लिक व्हायला हवं, आणि ते ४ पिक्सेलांच्या चौकोनातच पडायला हवं. दोन्ही जमलं तर फाइल उघडते. नावावरचं दुसरं क्लिक उशिरा पडलं, तर तुम्हाला नाव बदलायचंय असं मशीन धरून चालतं आणि नावाभोवती चौकट उभी करतं. बटण दाबलेलं असताना हात सरकला, तर तुम्ही फाइल ओढून दुसरीकडे नेताय असं धरतं.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत संगणकाचा क्लास घेते. एमएस-सीआयटीच्या बॅचेस सुरू झाल्या तेव्हापासून शाळामास्तर, पतसंस्थेतले क्लार्क, मुलगा परदेशी गेला म्हणून ई-मेल शिकायला आलेल्या काकू, असे कितीतरी लोक माझ्याकडे येऊन गेले. की-बोर्डची भीती लवकर जायची, कारण टाइपरायटर कुठेतरी पाहिलेला असायचा. गाडी अडायची ती डबल क्लिकपाशी. "मॅडम, उघडंना झालंय हे," ही हाक रोजची. एक निवृत्त तलाठी काका होते. ते एकदा क्लिक करायचे, बोट उचलायचे, स्क्रीनवर काय झालं ते नीट पाहायचे आणि मगच दुसरं क्लिक करायचे. जन्मभर सातबाऱ्याच्या नोंदी केलेला माणूस. आधी बघायचं आणि मग पुढचं पाऊल टाकायचं, हा त्यांचा स्वभाव. चांगल्या कारकुनाचा हाच गुण, पण मशीनला तो चालत नव्हता. शेवटी मी कंट्रोल पॅनलमध्ये माउसची खिडकी उघडून वेगाची पट्टी पार डावीकडे नेली. विंडोज ९८ मध्ये तिथे सरावासाठी एक पेटी असायची. डबल क्लिक साधलं की पेटीतून बाहुलं उसळून बाहेर यायचं. काकांनी ते बाहुलं काढलं तेव्हा अख्ख्या बॅचने टाळ्या वाजवल्या होत्या.

हा रिवाज आला कुठून आणि तो कोणी ठरवला, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागले. त्यातून माझं एक मत बनलं आहे. फाइलवर क्लिक करणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा फक्त आत काय आहे ते पाहायचं असतं. पण संगणकाच्या इतिहासात एका टप्प्यावर 'दाखव' आणि 'चालव' ही दोन निराळी कामं एकाच हालचालीला जोडली गेली. पुढच्या चाळीस वर्षांतला बराचसा मनस्ताप या एका जोडणीतून आलेला आहे.

झेरॉक्स कंपनीने एप्रिल १९८१ मध्ये ८०१० स्टार नावाचा संगणक बाजारात आणला. पडद्यावर टेबलाचा देखावा आणि त्यावर कागद, फोल्डर, टपालाची पेटी अशी चित्रं असलेला हा पहिला व्यापारी संगणक. एका यंत्राची किंमत १६,००० डॉलरच्या पुढे. स्टारमध्ये फाइल उघडायची रीत अशी होती: माउसने कागदाचं चित्र निवडायचं आणि की-बोर्डवरचं 'ओपन' असं छापलेलं बटण दाबायचं. मूव्ह, कॉपी, डिलीट, ओपन यांना वेगवेगळी बटणं होती. कागद असो, फोल्डर असो की टपालाची पेटी, ओपन सगळ्यांना सारखंच लागू. निवडणं एका हाताने, हुकूम दुसऱ्या हाताने. मध्ये कितीही वेळ गेला तरी बिघडत नव्हतं. आमच्या तलाठी काकांना हे यंत्र पहिल्याच दिवशी जमलं असतं.

स्टारमधली मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे वापरणाऱ्याला प्रोग्राम नावाची वस्तू दिसतच नव्हती. तिथे कोणी वर्ड प्रोसेसर 'सुरू' करत नसे. कागद उघडला की त्यावर लिहिता यायचं, एवढंच. नवा कागद हवा असेल तर कोऱ्या कागदाची नक्कल करून घ्यायची. त्यामुळे ओपनचा अर्थ एकच उरला: हे मला दाखव. व्यापाराच्या दृष्टीने स्टार चालला नाही. तो महाग होता, संथ होता आणि बाहेरच्या लोकांना त्यावर प्रोग्राम लिहिता येत नव्हते. पण फाइल उघडण्याचा इतका स्वच्छ विचार त्यानंतर कोणी केल्याचं मला दिसलेलं नाही.

दोनदा क्लिक करण्याची युक्ती झेरॉक्समध्ये आधीपासून होती, पण वेगळ्या कामासाठी. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५ च्या सुमारास जिप्सी नावाचा लेखन-संपादक तयार केला. झेरॉक्सच्याच मालकीच्या गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनातल्या संपादकांसाठी तो होता. त्यात शब्दावर दोनदा क्लिक केलं की पूर्ण शब्द निवडला जायचा. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. तिथे लिसा संगणकाचं काम चालू होतं आणि माउसला एकच बटण ठेवायचं ठरलं. कोणतं बटण दाबायचं याचा गोंधळच नको, हा त्यामागचा विचार. पण की-बोर्डवर ओपनचं बटण नाही आणि माउसला दुसरं बटण नाही, तर उघडायचं कसं? मेनूत ओपन होतंच. ज्याचा हात बसला आहे त्याच्यासाठी आडवाट म्हणून डबल क्लिक आलं. लिसा जानेवारी १९८३ मध्ये आली. तिच्यातही स्टारचा वारसा होता: कोऱ्या कागदांच्या पॅडवर डबल क्लिक केलं की वरचा एक कागद फाटून वेगळा व्हायचा.

मुळात ती आडवाट होती, हे मी क्लासमध्ये मुद्दाम सांगते. ज्यांना डबल क्लिक जमत नाही त्यांना आपण मंद आहोत असं वाटतं. खरं तर त्यांना राजमार्ग कोणी दाखवलेलाच नसतो. फाइल निवडा, एंटर दाबा, उघडेल. (मॅकवर मात्र तेच बटण नाव बदलायला घेतं, त्यामुळे एका यंत्राची सवय दुसऱ्यावर नेणारे हमखास अडखळतात.)

२४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश आला, त्यातला फाइंडर, म्हणजे फाइली दाखवणारा आणि उघडणारा प्रोग्राम, ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिलेला. हा टप्पा दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक कारण वाईट, एक फार चांगलं. वाईट हे की मॅकवर प्रोग्रामही चित्ररूपाने टेबलावर आले. पत्रावर डबल क्लिक केलं तर पत्र दिसायचं, प्रोग्रामवर केलं तर प्रोग्राम चालायचा. हात तोच आणि हालचालही तीच. त्या काळी फ्लॉपीवर मोजकेच प्रोग्राम असायचे आणि ते आपणच विकत आणलेले, म्हणून त्यात धोका कोणाला दिसला नाही.

चांगली गोष्ट म्हणजे हॉर्न यांची टाइप आणि क्रिएटरची कल्पना. मॅकवरच्या प्रत्येक फाइलला चार-चार अक्षरांच्या दोन खुणा असायच्या, पण त्या नावात नव्हे, नावामागे. पहिली खूण सांगायची की आत काय आहे: मजकूर की चित्र. दुसरी सांगायची की ही फाइल कोणाच्या हातची आहे. प्रोग्राम लिहिणारे आपली चार अक्षरं ॲपलकडे नोंदवून घ्यायचे, म्हणजे दोघांची एकच खूण व्हायची नाही. डबल क्लिक केलं की फाइल ज्याने बनवली त्याच प्रोग्रामात उघडायची.

याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. नव्वदच्या दशकात काही काळ मी पुण्यातल्या एका छापखान्यात डीटीपीचं काम करत होते. तिथे चार विंडोजची यंत्रं आणि कोपऱ्यात एक मॅक होता. मॅकवर एकाच फोल्डरमध्ये दोन टिफ चित्रं शेजारी-शेजारी असायची. एक फोटोशॉपमध्ये तयार केलेलं, दुसरं स्कॅनरच्या प्रोग्रामातून थेट आलेलं. जात एकच, पण डबल क्लिक केल्यावर प्रत्येक आपापल्या घरी जायचं. ज्यावर काम चालू आहे ते फोटोशॉपमध्ये, नुसतं स्कॅन करून ठेवलेलं स्कॅनरच्या प्रोग्रामात. कालपर्यंत काय केलं होतं याची आठवण जणू फाइलच ठेवायची. खूण ओळखणारा प्रोग्राम यंत्रावर नसेल तर मात्र फाइल उघडायला सरळ नकार मिळायचा. १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये ॲपलने त्यालाही वाट काढली: फाइल उचलून हव्या त्या प्रोग्रामच्या चित्रावर सोडायची.

शेजारच्या विंडोज यंत्रांवर वेगळंच राज्य होतं. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि टिंबानंतर तीन अक्षरांचं शेपूट. शेपूट मुळात माणसाच्या सोयीसाठी, कोणती फाइल कसली ते कळावं म्हणून. विंडोजने त्या शेपटालाच अधिकार दिला. विन डॉट आयएनआय या फाइलमध्ये यादी असायची: टीएक्सटी आलं की नोटपॅड उघडा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री आली आणि ही नोंद तिच्यात जाऊ लागली. अजूनही ती तिथेच आहे. शेपटावरून फाइलचा प्रकार शोधायचा, प्रकाराखाली ओपन नावाची क्रिया शोधायची, आणि क्रियेखाली जी आज्ञा लिहिली असेल ती पाळायची. आज्ञेत नोटपॅड असेल तर मजकूर दिसेल, दुसरं काही असेल तर ते होईल. रजिस्ट्रीच्या लेखी दोन्ही सारखंच.

मराठी डीटीपीवाल्यांना या पद्धतीचा ठसका रोज लागायचा. युनिकोड रुळायच्या आधी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीची वळणं बसवत असत. गिऱ्हाईक फ्लॉपीवर लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन यायचं. फाइल टीएक्सटी, डबल क्लिक, नोटपॅड उघडायचं आणि पडद्यावर एफ, डॉलर, टिंबवाले यू आणि उद्गारचिन्हं यांची रांग. "ताई, व्हायरस लागला काय?" असं विचारताना समोरच्याचा चेहरा पडलेला असायचा, कारण लग्न आठवड्यावर आलेलं. व्हायरस नव्हता आणि फाइलही शाबूत होती. शेपटाला फक्त 'मजकूर' एवढंच ठाऊक होतं. कोणत्या प्रोग्रामात, कोणत्या फॉन्टमध्ये लिहिला याची खूण त्याच्याजवळ नव्हती. तोच मजकूर पेजमेकरमध्ये घेऊन योग्य फॉन्ट लावला की 'श्री गणेशाय नमः' उमटायचं. अशा वेळी मला कोपऱ्यातल्या मॅकची आठवण यायची. त्या खुणेने फॉन्ट कळला नसता, पण निदान ही फाइल कुणाकडे न्यायची ते कळलं असतं.

मग २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं, आणि त्यात एक निर्णय झाला ज्याबद्दल मला आजही राग येतो. ओळखीच्या प्रकारांची शेपटं पडद्यावर दाखवायची नाहीत, असं आपोआप ठरवलेलं असायचं. हेतू स्वच्छ दिसण्याचा होता. मॅकवरही शेपटं नसायचीच, पण तिथे फाइलचा निवाडा शेपटावरून होत नव्हता. इथे होत होता. ज्या तीन अक्षरांवर सगळं ठरायचं तीच माणसापासून लपवली, आणि 'दाखव' व 'चालव' तर आधीच एका हालचालीत होते.

४ मे २००० रोजी त्याची किंमत जगाने मोजली. फिलिपिन्समधून निघालेलं 'आय लव्ह यू' नावाचं ई-मेल घराघरांत पोहोचलं. सोबतच्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी', आणि त्यापुढे लपलेलं 'डॉट व्हीबीएस', म्हणजे चालवायच्या स्क्रिप्टचं शेपूट. लोकांनी प्रेमपत्र वाचायला म्हणून डबल क्लिक केलं. विंडोजने स्क्रिप्ट चालवली. तिने चित्रांच्या फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःला लिहिलं आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच ई-मेल धाडलं. लोक भोळे आहेत असं तेव्हा फार लिहिलं गेलं. मला ते अजिबात पटत नाही. नावापुढे टीएक्सटी दिसत होतं आणि टीएक्सटी म्हणजे वाचायचा मजकूर, हे विंडोजनेच त्यांना शिकवलं होतं.

आपल्याकडे याची दुसरी आवृत्ती पेनड्राइव्हमधून आली. २००६-०७ नंतर सायबर कॅफे, कॉलेजची लॅब, झेरॉक्सची दुकानं, सगळीकडे 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' फिरत होता. प्रोग्रामच तो, पण त्याला चित्र लावलेलं पिवळ्या फोल्डरचं. शेपूट लपलेलं असल्यामुळे पडद्यावर नुसतं 'न्यू फोल्डर'. असं नाव आणि असं चित्र दिसल्यावर कोण उघडणार नाही? एकदा चालला की तो फोल्डर ऑप्शन्सची सोयच गायब करायचा, म्हणजे शेपटं दाखवायची म्हटलं तरी दाखवता येऊ नयेत. त्याहून वाईट म्हणजे विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्हच्या चित्रावर डबल क्लिक केलं की आतल्या ऑटोरन फाइलमधली आज्ञा पाळली जायची. ड्राइव्हमध्ये काय आहे ते पाहायला गेलं की आधी व्हायरस चालायचा. माझ्या क्लासच्या भिंतीवर तेव्हा पाटी होती: पेनड्राइव्हवर डबल क्लिक करू नये, राइट क्लिक करून एक्सप्लोअर करावे. ज्या सवयीसाठी लोकांची बोटं महिना-महिना घोटून घेतली, तीच सोडा म्हणून सांगायची वेळ आली होती.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कॉनफिकर या वर्मने तर कळसच केला. पेनड्राइव्ह लावल्यावर विंडोज जी विचारणा करायचं, तिच्यात त्याने आपली एक ओळ घुसवली: 'फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा'. शब्द विंडोजचेच आणि चित्र फोल्डरचं. तिच्या खाली विंडोजची खरी ओळही तशीच. अखेर विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं, आणि जुन्या आवृत्त्यांसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तसा बदल अपडेटमधून पाठवला.

या सगळ्यात एका क्लिकचा पंथही चालू होता. आजच्या लोकांना नवल वाटेल, पण टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये नेक्स्ट संगणकावर लिहिलेल्या पहिल्या वेब ब्राउझरमध्ये दुव्यावर डबल क्लिक करावं लागायचं. त्या ब्राउझरमध्ये पान संपादितही करता यायचं, त्यामुळे एक क्लिक कर्सर ठेवण्यासाठी राखलेलं होतं. पुढचे ब्राउझर नुसते वाचायचे झाले आणि एक क्लिक पुरे झालं. मग लोकांची बोटं दोन रिवाजांत वाटली गेली. वेबच्या बटणावर डबल क्लिक करून फॉर्म दोनदा पाठवणारे विद्यार्थी मला अजूनही भेटतात. विंडोज ९८ ने फोल्डरही वेबसारखे एका क्लिकवर उघडण्याचा पर्याय दिला, पण आपोआप लागू केला नाही. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपने १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून एकच क्लिक धरलं. ते त्यांनी पाव शतक चालवलं आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत सोडून दिलं. केडीई वाटणाऱ्या अनेक संस्थांनी आधीच डबल क्लिक लावून द्यायला सुरुवात केली होती, कारण बाहेरून येणारा प्रत्येकजण ती सवय घेऊनच येत होता. मला स्वतःला एक क्लिक आवडतं, म्हाताऱ्या बोटांना तर ते वरदानच. तरी केडीईचा निर्णय मला बरोबर वाटतो. त्यांनी तो गुपचूप केला नाही, आधी जाहीर चर्चा केली आणि जुन्या रीतीसाठी सेटिंग ठेवलं.

गुपचूप केलेल्या बदलांची उदाहरणं जास्त आहेत. ऑगस्ट २००९ मध्ये ॲपलने स्नो लेपर्ड ही मॅक ओएसची आवृत्ती आणली आणि डबल क्लिकच्या वेळी क्रिएटरची खूण विचारात घेणंच सोडून दिलं. पंचवीस वर्षं चाललेली रीत ज्या दिवशी अपडेट केलं त्या दिवशी संपली. वापरणाऱ्यांना ते कळलं ते फाइली भलत्याच प्रोग्रामात उघडू लागल्यावर. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये डेस्कटॉपवरच्या फोटोवर डबल क्लिक केलं की अख्खा पडदा व्यापणारं नवं ॲप उघडायचं. माझ्या क्लासमधल्या काकू "आता परत कसं यायचं?" म्हणून घाबरून बसायच्या. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी पाठ केलेली वाट रात्रीतून कुणीतरी दुसरीकडे वळवली होती.

'दाखव' आणि 'चालव' यांची फारकत मात्र हळूहळू होत आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. ऑक्टोबर २००७ च्या मॅक ओएस लेपर्डमध्ये क्विक लुक आलं. फाइल निवडा, स्पेसबार दाबा, आतलं दिसेल; पुन्हा दाबा, मिटेल. कोणताही प्रोग्राम सुरू होत नाही आणि फाइलमध्ये काही बदलत नाही. ऑफिस २०१० ने बाहेरून आलेली फाइल आधी फक्त वाचण्यापुरती उघडायला सुरुवात केली, वर पिवळी पट्टी लावून. लिहायचं असेल तर तसं सांगायचं.

शेपटं मात्र विंडोज ११ मध्येही आपोआप लपलेलीच असतात. त्यामुळे नवी बॅच सुरू झाली की डबल क्लिकच्या आधी मी प्रत्येकाला फोल्डरच्या खिडकीत वर 'व्ह्यू' दाबायला लावते, त्यात 'शो', आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर बरोबरची खूण. मग प्रत्येक यंत्रावर मी आधीच ठेवलेल्या फाइलींची नावं मोठ्याने वाचून घेते, शेवटच्या टिंबापासून उलटी: आधी शेपूट, मग नाव. पहिल्या तासाला एवढंच होतं.